चादरीचे न्यायाधीश

भाद्रपदाचा वद्य पक्ष लागला म्हणजे आमच्या पनवेलीस घरोघर एक वार्षिक खडाजंगी सुरू होते. पाऊस अजून पुरता गेलेला नसतो. ऊन मात्र अधूनमधून चांगलें कडक पडूं लागतें. आणि घट बसण्यापूर्वीं घरांतील यच्चयावत् अंथरुणें-पांघरुणें धुवून निघालीं पाहिजेत हा जुना दंडक सर्वांना एकाएकीं आठवतो. गाद्या गच्चीवर चढतात. गोधड्या, सुजन्या, सोलापुरी चादरी, उशांचे अभ्रे यांचे ढीग न्हाणीघराच्या दाराशीं रचले जातात. आणि ज्या प्रश्नावर वर्षभर कोणी तोंड उघडलें नव्हतें त्या प्रश्नावर सर्व कुटुंब एकदम बोलूं लागतें. तो प्रश्न असा कीं, चादर किती दिवसांनीं धुवावी?

गेल्या वर्षीं याच सुमारास आम्ही एका स्नेह्यांच्या घरीं बसलों असतां हा वाद आमच्यासमक्ष झाला. घरांतील वृद्ध आजीबाईंचें म्हणणें असें पडलें कीं, अंथरूण हें मूळचेंच ओवळें; तें रोज धुतलें तरी ओवळें आणि महिन्यानें धुतलें तरी ओवळेंच; तेव्हां त्यापायीं पाण्याचा नाश करण्यांत अर्थ नाहीं. आमचे स्नेही जन्मभर कोर्टांत वावरलेले. गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी जसा निर्दोष, तशी डाग दिसेपर्यंत चादर स्वच्छ, असा त्यांनीं निवाडा दिला. त्यांचे चिरंजीव इंजिनियर आहेत. त्यांनीं दर आठ दिवसांनीं, आणि तेंहि साठ अंश उष्णतेच्या पाण्यांत, असें बजावून सांगितलें. अखेर तिघांनींहि आमच्याकडे पाहिलें. आम्हीं दोन्ही पक्ष राखून, प्राध्यापकास शोभेल अशा गांभीर्यानें, पंधरा दिवसांचा सुवर्णमध्य सुचविला. एवढ्यांत पावसाची एक सर आली. आमच्यापुढें चहाचे पेले ठेवीत असलेल्या सूनबाई तें काम तसेंच टाकून गच्चीकडे धांवल्या, आणि थोड्या वेळानें सात-आठ अर्धवट वाळलेल्या चादरींचें ओझें खांद्यावर घेऊन, भिजलेल्या अशा, खालीं आल्या. वाद चालूच होता. त्यांना त्यांचें मत कोणीं विचारलें नाहीं. खरें सांगावयाचें तर, विचारावयाचें राहिलें हें आमच्या ध्यानांतहि घरीं परत येतांना जिन्यावर आलें. चार न्यायाधीश बसले होते. आणि ज्या एकटीला त्या खटल्याची माहिती होती ती साक्षीदार म्हणूनहि बोलाविली गेली नव्हती.

त्या दिवशींच्या लाजेपोटीं हा लेख आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. चादर किती दिवसांनीं धुवावी हें सांगण्याचा अधिकार ती धुणाराचा आहे. जो धूत नाहीं त्याचें मत धर्मशास्त्राच्या आधारें असो कीं विज्ञानाच्या, त्याला आदेशाची किंमत देण्याचें कारण नाहीं.

विषय क्षुल्लक आहे असा आक्षेप येणार हें आम्ही जाणून आहों. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत चादरी कशाला, असें कित्येक वाचक म्हणतील. परंतु मनुष्याच्या आयुष्याचा सुमारें तिसरा हिस्सा अंथरुणावर जातो. तो जन्मतो तेथें, आजारी पडतो तेथें, आणि बहुधा मरतोहि तेथेंच. अशा वस्तूची निगा कोण राखतें व तें राखणारावर हुकूम कोण चालवितें, हा प्रश्न ज्याला क्षुल्लक वाटतो त्यानें आपण शेवटची चादर कधीं पिळली होती तें आठवावें. विषयाचें मोल बहुधा त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें.

आतां प्रथम सोंवळ्याच्या पक्षाकडे वळूं. या पक्षाला आम्ही हंसण्यावारीं नेऊं इच्छीत नाहीं. कारण आमचें स्वतःचें बालपण त्याच शिस्तींत गेलें. त्या शिस्तीचें मर्म असें कीं, शुद्धाशुद्ध ठरत असे तें स्पर्शावरून, मळावरून नव्हे. परिटानें भट्टी लावून, नीळ देऊन, घडी करून आणलेलें पांढरेंशुभ्र धोतर जुन्या सोंवळेकरी घरांत ओवळें समजत आणि पूजेपूर्वीं तें पुन्हां पाण्यांतून काढीत. उलट, ज्या उशीवर वर्षभराच्या तेलाचा थर चढला आहे ती उशी रात्रीं डोक्याखालीं घेण्यास हरकत नसे. स्नानानंतर तिला शिवलें नाहीं म्हणजे झालें! आपल्या भाषेनें ‘परीटघडी’ हा शब्द टापटिपीचा कळस म्हणून डोक्यावर घेतला. परंतु बारा बलुतेदारांपैकीं ज्याच्या हातची ती घडी, तो परीट दाराबाहेर उभा राही. मळ काढणारास खालचा समजावें आणि मळ करणारानें वर बसावें, ही त्या व्यवस्थेची रीत होती. अंथरुणाच्या बाबतींत हीच रीत घराच्या आंत चालत असे, आणि तेथें परिटाच्या जागीं घरची स्त्री होती.

तथापि जुन्या घरांना न्याय दिला पाहिजे. त्यांच्या सोंवळ्यानें अंथरूण स्वच्छ राहत नसे, तरी त्यांच्या राहणीनें तें पुष्कळसें राहत असे. पलंग थोडे, खोल्या थोड्या. म्हणून सकाळीं उठल्याबरोबर अंथरूण झटकून त्याची वळकटी करावी लागे. जमिनीला वारा लागे, अंथरुणाला वारा लागे, आणि अंगणांत किंवा माळवदावर त्याला ऊनहि मिळे. पुढें घरोघर पलंग आले, त्यांवर जाड गाद्या आल्या, आणि अंथरूण रात्रंदिवस पसरलेलेंच राहूं लागलें. वर एक शोभिवंत पलंगपोस ओढला म्हणजे खालीं काय आहे तें दिसत नाहीं. वळकटी गेली तिच्याबरोबर अंथरुणाची रोजची हवा गेली. धुण्याचा दंडक मात्र नवा कोणीं घालून दिला नाहीं. वादाचें एक मूळ येथें आहे.

पनवेलीच्या लोकांना येथें एक शब्दार्थ सांगावासा वाटतो. धूतपापेश्वर हें नांव या गांवांत सर्वांच्या तोंडीं आहे. त्या नांवानें आयुर्वेदीय औषधांचा कारखाना येथें १८७२ सालीं निघाला. संस्कृतांत ‘धू’ या धातूचा अर्थ हालविणें, झटकणें असा आहे. मराठींत ‘धुणें’ म्हणजे काय तें सांगावयास नको. आमच्या पुरुषवर्गानें अंथरुणाच्या बाबतींत संस्कृत अर्थ आपल्याकडे घेतला आणि मराठी अर्थ स्त्रियांच्या स्वाधीन केला! सकाळीं उठून चादर दोनदां झटकली कीं आपल्या वांट्याचें कर्तव्य संपलें असें मानणारे विद्वान् आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. फार दूर जाण्याची जरूर नाहीं, एक या लेखाचा कर्ताच आहे.

दुसरा पक्ष विज्ञानाचा. त्याची भाषा अधिक सफाईदार असते, आणि त्याचें म्हणणें पुष्कळ अंशीं खरेंहि आहे. घरांतल्या धुळीमुळें कित्येकांना दमा लागतो व शिंका येतात हें फार दिवस ठाऊक होतें. परंतु त्या धुळींतला मुख्य अपराधी गादींत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा एक अष्टपाद जीव आहे, हें हॉलंडांतील लायडन येथील संशोधकांनीं १९६४ सालीं पुढें मांडलें. त्याच्या शास्त्रीय नांवाचा ग्रीक अर्थच ‘कातडी खाणारा’ असा होतो. कारण आपल्या अंगावरून गळणाऱ्या सूक्ष्म कोंड्यावर तो जगतो. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. तो पाणी पीत नाहीं. हवेंतली ओल शोषून घेतो. म्हणून कोरड्या हवेंत तो सुकून मरतो आणि दमट हवेंत फोफावतो. पंचावन्न-साठ अंशांच्या पाण्यांत तो मरतो. साध्या पाण्यांत तो बहुधा मरत नाहीं. पण त्रास देणारा मळ साध्या पाण्यानेंहि पुष्कळसा निघून जातो.

ज्या घरांत दम्याचा रोगी आहे तेथें ही माहिती मोलाची आहे, यांत शंका नाहीं. खरजेची साथ घरांत शिरली असतांहि तसेंच: सर्वांनीं एकाच वेळीं औषध लावावें, वापरलेलीं अंथरुणें-पांघरुणें गरम पाण्यानें धुवावीं, किंवा धुतां येत नसतील तर पिशवींत घट्ट बांधून तीन दिवसांहून अधिक काळ बाजूला ठेवावीं, कारण त्वचेपासून दूर तो जंतु फार दिवस जगत नाहीं. येथपर्यंत विज्ञान बोलतें. परंतु निरोगी माणसांच्या घरांत, कोणत्याहि गांवांत, कोणत्याहि ऋतूंत, चादर आठव्याच दिवशीं धुतली पाहिजे, असा आंकडा विज्ञानानें कोठेंहि कोरून ठेविलेला नाहीं. ती सोयीची सल्ला आहे. सल्ल्याला कायद्याचें रूप येतें तें ती देणारानें पाण्यांत हात घालावयाचा नसतो तेव्हां.

शिवाय ही सल्ला ज्या मुलखांतून आली तेथें पाणी नळाला चोवीस तास असतें आणि कपडे वाळविण्यासाठीं निराळें यंत्र असतें. आमच्या गांवची गोष्ट वेगळी. पनवेलीची नगरपालिका १८५२ सालची. २०१६ सालीं ती महानगरपालिका झाली. परंतु गाढी नदीवरील देहरंगाच्या धरणाचें पाणी उन्हाळ्यांत अपुरें पडण्याची रड गांव वर्षानुवर्षें ऐकत आलें आहे. वडाळें, विश्राळें, कृष्णाळें हीं तळीं ज्या गांवानें बांधलीं त्याच गांवांत वैशाखांत टँकरची वाट पाहणारीं कुटुंबें आहेत. शहरांतील माणसाला रोजचें सर्व मिळून एकशें पस्तीस लिटर पाणी मिळावें असें सरकारी प्रमाण आहे. आणि धुण्याचें यंत्र त्याच्या जातीप्रमाणें एका खेपेस सुमारें पन्नासपासून दीडशें लिटरपर्यंत पाणी घेतें. म्हणजे एका खेपेच्या चादरींत कधीं कधीं एका माणसाचा दिवसाचा हिस्सा वाहून जातो. उलट आषाढ-श्रावणांत पाणी उदंड, पण ऊन नाहीं. त्या दिवसांत पंख्याखालीं दोन दिवस लोंबत ठेवून कुबट झालेली चादर न धुतलेल्या चादरीहून बरी असें कोणत्याहि शास्त्रज्ञानें म्हटलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ऊन केव्हां आहे, नळ केव्हां येतो, दांडीवर जागा किती आहे, खालच्या मजल्यावरच्या बाईंचे पापड केव्हां उचलले जातात, या सर्वांचा मेळ घालून धुण्याचा दिवस ठरवावा लागतो. ही विद्या घरांत एकाच व्यक्तीजवळ असते, आणि तिलाच आपण दिवस ठरवून देतों.

आपल्या समाजाची आणखी एक गंमत आहे. आगगाडीच्या थंड डब्यांत रेल्वेनें दिलेली चादर किंचित् सुरकुतलेली दिसली तरी आपण कर्मचाऱ्याला बोलावतों. रेल्वेचीं कांबळीं महिन्यांतून निदान एकदां धुतलीं जातात, असें रेल्वेमंत्र्यांनीं नोव्हेंबर २०२४ मध्यें लोकसभेंत लेखी उत्तरांत सांगितलें, तेव्हां ‘अवघें एकदां?’ म्हणून सुशिक्षितांत केवढा गहजब झाला! आम्हींहि त्यांत आमचा सूर मिसळला होता. घरीं आल्यावर आमच्या पलंगावरची दुलई गेल्या वर्षीं केव्हां धुतली होती असें आम्हीं सौभाग्यवतींना विचारलें. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही सांगा पाहूं!’ आम्हांला सांगतां आलें नाहीं. रेल्वेच्या कांबळ्याचा हिशेब ज्याला तोंडपाठ, त्याला आपल्या पांघरुणाचा ठाव नव्हता.

यावर आमचे स्नेही म्हणतात, ‘आतां यंत्र आलें, धुण्यांत श्रम उरले आहेत कोठें?’ हा युक्तिवाद यंत्राची कळ फिरविण्यापलीकडे ज्यांचा संबंध गेला नाहीं तेच करतात. यंत्र पलंगावरची चादर ओढून काढीत नाहीं. जड गादीचा कोपरा उचलून तिच्याखालीं खोंचलेले पदर सोडवीत नाहीं. अभ्रे उलटे करीत नाहीं. डाग आधीं हातानें चोळीत नाहीं. एकमेकींत गुंतून दोरखंडासारखा पीळ बसलेल्या ओल्या चादरी तें सोडवीत नाहीं, काठीनें उंच दांडीवर चढवीत नाहीं, दुपारीं उलटीत नाहीं, आणि सर आली कीं गच्चीकडे धांवत नाहीं. घडी तें घालीत नाहीं, आणि धुतलेली चादर पुन्हां पलंगावर पसरण्याचें कामहि त्याचें नव्हे. प्रत्यक्ष धुण्याचें तेवढें एक काम यंत्रानें उचललें. बाकीचीं हीं दहा जिचीं होतीं तिचींच राहिलीं. इतकेंच नव्हे, तर यंत्र आल्यामुळें पूर्वीं जें महिन्यानें धूत तें आठवड्यानें धुवावें अशी अपेक्षा मात्र वाढली.

हें केवळ आमचें मत नाहीं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं भारतीयांच्या वेळेच्या उपयोगाची देशभर पाहणी केली. तिच्यांत असें आढळलें कीं, घरच्यांसाठीं विनामोबदला घरकाम करणाऱ्यांचें प्रमाण सहा वर्षांवरील स्त्रियांत शेंकडा ८१.२ आणि पुरुषांत शेंकडा २६.१ होतें; आणि जे करीत होते त्यांपैकीं स्त्रियांचीं दिवसाला सरासरी २९९ मिनिटें त्यांत जात, तर पुरुषांचीं ९७. म्हणजे चार पुरुषांतले जवळजवळ तीन त्या दिवशीं घरकामाला शिवलेच नव्हते. सोंवळ्याचा एवढा कडक नियम जुन्या काळींहि कोणीं पाळला नसेल!

ज्या घरांत हें काम मोलकरणीकडे आहे तेथें प्रश्न मिटला असें समजूं नये. तो फक्त दाराबाहेर ढकलला जातो. धुण्याचा पगार घरांतल्या माणसांवरून ठरतो. अंथरुणांचें नांव ठरावांत बहुधा निघत नाहीं. आणि मग एखाद्या सोमवारीं बादलींत चार चादरी व एक गोधडी निमूटपणें घातली जाते. यंत्र आलें म्हणजे तिच्या धुण्याचे पैसे कमी होतात. पण ‘गोधडीनें यंत्र बिघडतें’ म्हणून गोधडी मात्र तिच्याच हातीं राहते. ओली गोधडी उचलून पाहिल्याशिवाय तिचें वजन कळत नाहीं. बाईनें ‘चादरीचे निराळे द्या’ असें म्हटलें कीं आपण तिला माजलेली म्हणतों. आणि त्याच संध्याकाळीं क्लबांत श्रमप्रतिष्ठेवर बोलतों.

आतां ज्या गोष्टीविषयीं सभ्य मासिकांतून सहसा लिहीत नाहींत तिच्याविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. चादरीवरचा जो डाग घरांत सर्वांत अधिक धास्ती उत्पन्न करतो तो वाढत्या वयाच्या मुलीच्या मासिक धर्माचा. जुन्या काळीं तिला तीन दिवस बाजूला बसवीत आणि चौथे दिवशीं तिचें अंथरूण तिलाच धुवावें लागे. बाजूला बसविणें पुष्कळ घरांतून गेलें; पण लाज राहिली. सर्व निजल्यावर न्हाणीघराचा नळ बारीक सोडून, दिवा न लावतां, चादरीचा कोपरा चोळीत बसलेली मुलगी आजहि सुशिक्षितांच्या घरांत असते, आणि सकाळीं ‘पाणी कोणीं वाया घालविलें?’ म्हणून तिचा बाप ओरडतो. अंथरुणावर चहा सांडणाऱ्या मुलाला जी चोरी करावी लागत नाहीं ती तिला करावी लागते. चादरीच्या प्रश्नांत खरी अस्वच्छता कोणती असेल तर ती ही.

येथें आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आमच्या मातोश्री शेवटचे पांच महिने अंथरुणाला खिळून होत्या. दिवसाला दोन, कधीं तीन चादरी निघत. त्या सौभाग्यवती व एक मदतनीस बाई मिळून धूत. आम्ही कॉलेजांतून आलों कीं दारांतूनच विचारीत असूं, ‘आईची चादर बदलली का?’ या प्रश्नाला आम्ही पुत्रधर्म समजत होतों. एके रात्रीं सौभाग्यवती तापानें पडल्या होत्या आणि बाई गांवीं गेली होती. पहांटे तीनच्या सुमारास आम्हांला जाग आली ती वासानें. आईनें हांक मारली नव्हती. ती ओल्या अंथरुणावर डोळे उघडे ठेवून उजाडण्याची वाट पाहत होती. रोग्याला एका कुशीवर वळवून अर्धी चादर गुंडाळावयाची, मग दुसऱ्या कुशीवर वळवून उरलेली ओढून घ्यावयाची, एवढेंहि आम्हांला ठाऊक नव्हतें. तें आईनेंच हळूहळू सांगितलें. चादर घेऊन आम्ही मोरीकडे वळलों आणि ऊन पाण्याचा नळ सोडला, तेव्हां आंतून तिचा आवाज आला, ‘आधीं गार पाण्यांत घाल रे. ऊन पाण्यानें डाग बसतो.’

जिनें उभ्या जन्मांत आम्हांला पारोशा अंगानें देवघरांत पाऊल टाकूं दिलें नाहीं ती आमची आई. इतक्या वर्षांत धुण्याविषयीं तिनें आम्हांला सांगितलेली ही पहिली गोष्ट. कारण इतक्या वर्षांत आम्हीं तिला तसें विचारलेंच नव्हतें. रक्तासारखे शरीराचे डाग गरम पाण्यानें कापडांत घट्ट बसतात, हें रसायनशास्त्रहि सांगतें. साठ अंशांचा मंत्र म्हणणाऱ्या तरुण इंजिनियराला तें सांगितलें पाहिजे. परंतु आमच्या ध्यानांत राहिलें तें वेगळेंच. ती भिजलेली चादर पिळतांना आमचीं मनगटें दुखलीं, पाणी दोनदां बदलावें लागलें, आणि दांडीवर ती नीट बसेना. एक चादर! त्या पांच महिन्यांत अशा किती निघाल्या असतील त्यांचा हिशेब करण्याचें धैर्य आम्हांला झालें नाहीं. दारांतून विचारलेला आमचा तो प्रश्न मात्र त्या दिवसापासून बंद झाला.

पुरुषवर्गाकडून दोन बचाव हमखास पुढें येतात. पहिला हा कीं, पुरुष बाहेर कष्ट करतो, स्त्रीनें घर पाहावें, ही श्रमविभागणी आहे. ज्या घरांत पत्नीहि सकाळच्या लोकलनें मुंबईस जाऊन दिवेलागणीस परत येते त्या घरांत हा बचाव कोणत्या तोंडानें करतात हें आम्हांला समजत नाहीं. आणि विभागणी म्हटली तर निदान आपल्या विभागाबाहेर हुकूम सोडूं नये. दुसरा बचाव अधिक लबाडीचा आहे: ‘आम्हांला जमत नाहीं, बायका करूं देत नाहींत, केलें तर नांवें ठेवतात.’ नांवें ठेवतात हें खरें, आणि आमच्या दांडीवरच्या चादरीलाहि तीं ठेवलीं गेलीं. परंतु न जमण्याची लाज न वाटतां जेथें सोय वाटते, तेथें शिकण्याची इच्छाच नसते असें समजावें.

ज्यांना हें काम आपल्या प्रतिष्ठेस कमी वाटत असेल त्यांनीं एक प्रसंग आठवावा. १९१२ सालीं नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेंत गेले असतां जोहान्सबर्गच्या एका मेजवानीसाठीं त्यांना न्यायमूर्ति रानड्यांनीं दिलेलें उपरणें घ्यावयाचें होतें, आणि तें चुरगळलें होतें. गांधींनीं इस्त्री करून देतों म्हटलें, तेव्हां तुमच्या वकिलीवर विश्वास ठेवीन, परिटकामावर नाहीं, अशा अर्थाचें गोखले बोलले. गांधींनीं आग्रह धरला, इस्त्री केली आणि शाबासकी मिळविली. ही विद्या त्यांना उपजत नव्हती. बॅरिस्टरी करीत असतां स्वतः धुतलेल्या पहिल्या कॉलरमधून कोर्टांत खळ गळूं लागली आणि मंडळी हंसली, हें त्यांनींच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. आणि आपल्याच महाराष्ट्रांत १८७६ सालीं शेंडगांवीं एका परिटाच्या घरीं जन्मलेल्या, अंगावर चिंध्यांचें पांघरूण घेऊन गांवोगांव हिंडलेल्या गाडगे महाराजांनीं हातांत खराटा घेतला तो दुसऱ्याला झाडावयास सांगण्यासाठीं नव्हे. आधीं स्वतः झाडलें, मग रात्रीं कीर्तन केलें. आपण कीर्तन तेवढें उचललें.

एवढें बोलल्यावर नुसता उपदेश करून थांबणें बरें नव्हे. आमच्या घरीं जो पाठ घातला तो सांगतों. ज्याला दहा-बारा वर्षें पुरीं झालीं त्यानें आपली चादर व अभ्रा आपण काढावा, धुवावा किंवा यंत्रांत घालावा, वाळत घालावा, घडी करावी आणि पुन्हां पसरावा. यांपैकीं एक काम दुसऱ्यावर पडलें तर चादर धुतली असें म्हणूं नये. लहान मुलांचीं व रोग्यांचीं अंथरुणें पाळीनें धुवावीं, आणि पहिली पाळी पुरुषाची असावी. मोलकरणीकडे द्यावयाचीं असल्यास संख्या व पैसे आधीं ठरवावे. गोधडीचे निराळे द्यावे. डाग कोणाचाहि व कशाचाहि असो, त्याविषयीं शब्द काढूं नये; गार पाणी कोठें आहे तें मात्र घरांतल्या सर्वांना, विशेषतः मुलग्यांना, शिकवून ठेवावें. आणि किती दिवसांनीं, हें ज्याचें त्यानें आपल्या मनगटाला विचारून ठरवावें.

यावर, ‘मग चादरी महिना महिना धुतल्या जाणार नाहींत’ अशी भीति घातली जाईल. पहिले दोन महिने तसें होईलहि. आमचें झालें. परंतु आपल्या घामाचा वास दुसऱ्या कोणीं काढावयाचा नाहीं हें एकदां ठरलें म्हणजे तो नाकाला लवकर येऊं लागतो, असा आमचा अनुभव आहे. हल्लीं आमचा अभ्रा आठव्या दिवशीं निघतो, चादर दहाव्या-बाराव्या. पावसाळ्यांत ऊन पडेल त्या दिवशीं. हा आंकडा आम्ही कोणालाहि शिफारस म्हणून देत नाहीं. तो आमचा आहे. आमच्या दांडीला व आमच्या मनगटाला जमतो तेवढा आहे.

यंदाच्या पितृपक्षांत आम्ही पुन्हां त्याच स्नेह्यांकडे जाणार आहों. वाद निघणारच, कोर्टांतले दाखले, साठ अंश व आजीबाईंचें सोंवळें सर्व पुन्हां मांडलें जाईल. आमचें मत विचारल्यास तें सूनबाईंना विचारा असें सांगावयाचें आम्हीं ठरविलें आहे. त्या कदाचित् कांहींच बोलणार नाहींत. इतक्या वर्षांची संवय एका दिवसांत सुटत नाहीं. पण मध्येंच पावसाची सर आली, तर त्यांच्या आधीं गच्चीचा जिना चढण्याइतका दम आमच्या अंगांत अजून आहे.